दोनशे सोमचा खटला

"किती?" न्यायाधीशांनी पुन्हा विचारलं.

"दोनशे सोम," सायकाल म्हणाली.

मागच्या बाकांवर हशा पिकला. हसणारे सगळे तिच्याच गावचे. गुरांचा डॉक्टर जुमाकादिर आरोपीच्या जागी मान खाली घालून बसला होता आणि अर्धं गाव त्याला धीर द्यायला नारिन शहरातल्या कोर्टात आलं होतं. सायकालच्या बाजूने तिचा मुलगा तेवढा आला होता, तोही दाराजवळ उभा.

"दोनशे सोममध्ये मटणाच्या चार सामसा येतात," आरोपीचा वकील म्हणाला. "चार सामसांसाठी ही बाई चार लेकरांच्या बापाला तुरुंगात धाडायला निघालीय."

सायकालने घडलं ते सांगितलं. रविवारच्या गुरांच्या बाजारात तिने गाय घेतली होती. गाय निरोगी असल्याचा दाखला बाजाराच्या फाटकावर जुमाकादिरने दिलेला होता. रक्त तपासल्याशिवाय असा दाखला द्यायचा नसतो. जुमाकादिर मात्र दोनशे सोम खिशात घालायचा आणि शिक्का मारायचा. त्या गायीला गाभ पाडणारा रोग होता. तो दुधातून माणसात येतो. सायकालच्या सुनेला ताप भरला, सांधे धरले, आणि सहाव्या महिन्यात पोटातलं मूल गेलं. मग सायकाल तीच गाय घेऊन पुन्हा त्याच फाटकावर गेली. दोनशे सोम दिले. जुमाकादिरने मान वर करून गायीकडे पाहिलंही नाही. तो दाखला घेऊन ती सरळ सरकारी वकिलाकडे गेली होती.

जुमाकादिरला दंड झाला. नोकरी मात्र राहिली, कारण त्या थंडीत फाटकावर उभा राहणारा दुसरा डॉक्टर मिळेना.

तो परत आला आणि रक्त तपासू लागला. एकही जनावर सोडेना. काचेच्या पट्टीवर थेंब टाकायचा, औषध मिसळायचा, गुठळ्या दिसल्या की जनावर खाटकाच्या गाडीत. कोणी विनवणी केली तर म्हणायचा, "सायकालला विचारा."

गावाने सायकालला विचारलं नाही. गावाने तिच्याकडे पाहणंच सोडलं. लग्नाच्या जेवणात तिच्यापुढे चहाची वाटी कोणी सरकवली नाही. दरवर्षी तिचं गवत रचायला शेजारपाजारचे येत. यंदा मायलेकांनीच गंज रचली. ती वाऱ्याने पडली. पुन्हा रचली.

फक्त शेजारीण बुरुलने बोलणं टाकलं नव्हतं. ती रोज कुंपणापाशी येऊन बोलायची.

"कायदा पाहिजे होता ना तुला? घे आता. तरणी गाय बदलून घ्यावी म्हणून माझी गाय बाजारात नेली, ती खाटकाकडे गेली. अर्ध्या भावात. पोट भरलं का तुझं?"

शेवटी गावातले जाणते जुमाकादिरकडे गेले. पूर्वीसारखं चालू दे म्हणाले. त्याने एकच अट घातली. "सायकालने स्वतःच्या हाताने दोनशे द्यायचे. फाटकावर, सगळ्यांसमोर. तोवर रक्त तपासणारच."

निरोप घेऊन बुरुलच आली. "तुझी लाल गाय मला दे. माझी तुझ्यामुळे गेली, तेव्हा भाव मी ठरवणार. आणि दाखल्याचे दोनशे तू भरायचेस."

ती रोगी गाय गेल्यावर सायकालच्या गोठ्यात ही लाल गाय तेवढी उरली होती. तिचं दूध वासरूच प्यायचं. घरात कोणी तोंडाला लावत नव्हतं.

"देऊन टाक, आई," मुलगा म्हणाला. "आपल्याला इथंच राहायचंय." सून उठून आत गेली.

"बरं," सायकाल म्हणाली.

रविवारी फाटकावर कोणाचंच लक्ष गुरांकडे नव्हतं. सायकालने नोट पुढे केली. जुमाकादिरने ती घेतली, पण खिशात घातली नाही.

"कशाचे हे? मोठ्याने सांग."

"दाखल्याचे."

मागून कोणीतरी शीळ घातली. जुमाकादिर हसला. त्याने कागद पुढे ओढला. "कोण घेतंय गाय?"

"मी," बुरुल पुढे झाली. सायकालच्या हातातलं दावं तिने ओढूनच घेतलं. "परवाच मॉस्कोहून सून आलीय. सातवा लागलाय तिला. घरात दूध नको?" हे तिने जमलेल्या सगळ्यांना ऐकवलं.

सायकालला हे माहीत नव्हतं. तिने दाव्याकडे पाहिलं. ते आता बुरुलच्या मुठीत होतं.

बुरुलने गायीच्या पाठीवरून हात फिरवला, कास चाचपली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "चांगली आहे ना गं?"

"मला काय माहीत, एजे," सायकाल म्हणाली. थोरल्या बहिणीला म्हणतात तसं, पूर्वी म्हणायची तसं. "पहिलीही चांगलीच दिसत होती."

बुरुलचा हात गायीच्या पाठीवर थांबला. ती वळली.

"डॉक्टर, गाय चांगली आहे ना?"

"कागदावर आहे," जुमाकादिर म्हणाला. शाई गोठली होती. तो शिक्क्यावर तोंडाची वाफ सोडत होता.

"उरका की," मागून कोणीतरी ओरडलं. "रांग खोळंबलीय."

बुरुल जागची हलली नाही. तिने दावं मनगटाला गुंडाळलं. मग जुमाकादिरच्या बोटांतली नोट काढून घेतली आणि सायकालकडे न बघताच तिच्या कोटाच्या खिशात कोंबली.

"रक्त काढ," ती त्याला म्हणाली.