बुडबुड्यांविना

एकवीस वर्षांपूर्वी सदाशिव तांडेल समुद्रतळाशी असताना त्याला नळीने हवा पुरवणारा होडीवरचा कॉम्प्रेसर बंद पडला. जीव वाचवायला तो एका दमात वर आला आणि रक्तात बुडबुडे होऊन कायमचा कमरेखाली लुळा पडला. गावातले चार पाणबुडे तर अशा बुडबुड्यांनीच मेले होते.

आज होडीत त्याची बायको सुनंदा त्याच्या दंडाला कल्ल्याची पट्टी बांधत होती. ही पट्टी समुद्रातला प्राणवायू थेट रक्तात सोडायची. पाण्याखाली श्वासच घ्यावा लागत नसे, त्यामुळे दाबाची हवा शरीरात जात नसे आणि वर येताना रक्तात बुडबुडेही होत नसत. सुनंदा दोन वर्षं तीच बांधून शेवंड पकडायला उतरत होती.

"भिया नकात, मी आसंय," ती म्हणाली.

पाण्यात त्याच्या पायांचं ओझं उरलं नाही. तो हातांनी पोहत खोल गेला. बुडबुड्यांचा आवाज नसल्यामुळे मासे बुजले नाहीत. तारल्यांचा चकाकता थवा दुभंगला आणि त्याच्याभोवती पुन्हा मिटला. एक पाकट मासा होडीएवढी सावली टाकत डोक्यावरून गेली. अपघातापूर्वी इतकी वर्षं या पाण्यात राबताना त्याने हे कधी पाहिलंच नव्हतं.

तासाभराने सुनंदाने वर बोट दाखवलं. सदाशिवने भीतीने खडक घट्ट धरला. तिने त्याची बोटं एकेक करून सोडवली. दोघं सरळ वर आले.

कळ आली नाही. तो थक्क होऊन पाण्याकडे बघत राहिला.

"अवो, वर इलात," सुनंदा हसत म्हणाली. "आता श्वास घेवा!"