मंगळवारचा मिलर

“माझ्याकडे खेळणारा दुसऱ्या गावाकडून खेळताना दिसला, की त्याला तिथल्या तिथे नारळ!” फिनर्टी साहेबांनी दम भरला.

सगळ्यांनी माना डोलावल्या. उंचपुऱ्या ओंद्रेय हुदाकने जरा जास्तच जोरात डोलावली.

ब्लॅकरिज हे पेनसिल्व्हेनियातलं कोळशाच्या खाणींचं गाव. १९२१ च्या त्या हंगामात गावच्या बास्केटबॉल संघाने नुसता धुमाकूळ घातला होता. शुक्रवारी सामन्याला नाचघरात मुंगी शिरायला जागा नसे. मैदानाभोवती तारेची जाळी उभी करत, सामना संपला की ती गुंडाळून तिथंच नाच. ओंद्रेय मात्र जानेवारीत मनगट मोडल्यापासून जाळीच्या बाहेर बसून होता. मनगट सांधलं, पण जागा गेली ती गेलीच.

तसे फिनर्टीही बाहेरच. गेल्या वर्षीपर्यंत, सामना सुरू करायला पंच चेंडू वर फेकी तेव्हा पहिली उडी तेच मारत. मग संघाच्या मालकांनी “वय झालं आता” म्हणून त्यांना व्यवस्थापक करून टाकलं. सामना रंगला की बिचारे जाळीत बोटं रुतवून उभे राहत.

मंगळवारी ओंद्रेय पिशवी भरू लागला तशी बायको कातावली. “सापडलास तर संघाचा पगार जाईल नि पुन्हा खाणीत उतरावं लागेल, कळतंय ना?”

“अगं झुझाना, बाकावर बसून जीव जातो माझा! डोंगरापल्याडच्या मिल्डन गावाकडून एकच सामना खेळतो. तिथं मिलर असं खोटं नाव दिलंय. कोण ओळखतंय?”

“आणि तुझे साहेब तिथं टपकले तर?”

“मंगळवारी ते दातांच्या डॉक्टरकडे असतात. हंगामभर चाललंय. पोरं म्हणतात, साहेबांच्या तोंडात दात आहेत तरी किती!”

झुझानाला हसू आलं, पण तिची काळजी काही गेली नाही.

मिल्डनच्या सभागृहात ओंद्रेयने आधी प्रेक्षकांवर नजर फिरवली. ब्लॅकरिजचं एकही तोंड नव्हतं. त्याने सुटकेचा नि:श्वास सोडला आणि जाळीचं दार ढकलून आत पाऊल टाकलं. पायाखाली लाकडी जमीन आली, लोकांनी आरोळी ठोकली, आणि गड्याचे डोळेच भरून आले. खेळायला मिळणार होतं!

पंचाने चिठ्ठी वाचली. “उडीला मिल्डनचा मिलर, पाहुण्यांचा स्मिथ.”

ओंद्रेय मधल्या वर्तुळात गेला. पाहुण्यांचा गडी पाठमोरा उभा होता, गुडघ्यांना पट्ट्या बांधत. शिट्टी वाजायच्या बेतात तो वळला.

समोरच्याच्या पिकल्या केसांना बूटपॉलिश फासलेलं होतं आणि कान लालबुंद झाले होते.

“मी स्मिथ,” हात पुढे करत फिनर्टी म्हणाले. “आपण?”