दुसरा बार

“बंदुकीचे दोन केप दे,” पूवय्या म्हणाला आणि त्याने फळीवर दोन बोटं ठेवली.

दुकानदार कुट्टियालीचा हात सवयीने डबीकडे गेला आणि वाटेतच थांबला. दुकानात फौजदार शेषगिरीराव बसले होते. माणूस मंगळूरकडचा, आमच्या कोडगूत, म्हणजे कुर्गात, नवा. मांडीवर विक्रीचं पुस्तक उघडून ते सकाळपासून दारू, शिसं आणि केप ताडून बघत होते. त्यांनी चष्म्यावरून वर पाहिलं.

“परवाना?”

“नाही.”

“का नाही?”

“आम्हा कोडवांना लागत नाही.”

“लागत नाही, असा कागद?”

“लागत नाही, म्हणून तर कागद नाही.”

फौजदारांनी हत्यारांच्या कायद्याचं पुस्तक काढलं. कोडवांना सूट आहे हे त्यांना ठाऊक होतं. कलमही सापडलं. “पण तुम्ही कोडव आहात हे कशावरून?” त्यांनी विचारलं. आमच्या डोंगरांत तोवर हा प्रश्न कुणी कुणाला विचारला नव्हता. पूवय्याने आधी कुट्टियालीकडे पाहिलं, मग स्वतःकडे पाहिलं, आणि कोडवाची खूण म्हणून कमरेचा चांदीच्या मुठीचा सुरा पुढे केला.

“हे तर आणखी एक हत्यार. याचा कागद?”

“साहेब, मी यांना चाळीस वर्षं ओळखतो,” कुट्टियाली मध्ये पडला.

“तुम्ही कोडव?”

“मी मापिळा, मलबारी मुसलमान.”

“मग तुमची साक्ष कशी चालेल?”

फौजदार पुन्हा पानं उलटू लागले. माणूस वाईट नव्हता. पुस्तकाबाहेर पाऊल टाकायला घाबरत होता, एवढंच.

“केप हवेत कशाला?” त्यांनी जरा मऊ आवाजात विचारलं.

“थोरला भाऊ गेला. बिद्दप्पा. सकाळीच.” पूवय्या म्हणाला. “एका बाराला एक केप लागतो. दारू घरी आहे, केप संपलेत. आमच्यात एक बार झाला की मुलगा झाला. दोन झाले की माणूस गेला. दोन ऐकले की चारी डोंगरांवरून माणसं खांदा द्यायला येतात. दिवस बुडायच्या आत न्यायचंय त्याला.”

“मग निरोप पाठवा घरोघर.”

“दारोदार सांगत फिरायला गाय का हरवलीय, साहेब?”

फौजदार खजील झाले. बोटाने ओळी चाचपत ते बराच वेळ वाचत राहिले, आणि एका शब्दावर त्यांचं बोट थांबलं. “नमुना,” ते म्हणाले. चेहऱ्यावर सुटल्यासारखं हसू आलं. “नमुना म्हणून एक नग देता येईल, असं मी धरतो. एक केप घेऊन जा. दुसरा उद्या, पाटलाचा दाखला आणलात की.”

“एकाने मुलगा होतो, साहेब. आणि घरात बिद्दप्पाच्या सुनेचे दिवस भरलेत.”

फौजदारांनी पुस्तक मिटलं. त्यापुढे त्यात काही नव्हतं.

“नाही मामापेक्षा काणा मामा बरा,” कुट्टियाली पुटपुटला आणि त्याने एक केप कागदात गुंडाळून दिला. पूवय्याने तो मुठीत धरला. “येतील तरी,” तो म्हणाला. “नारळ घेऊन येतील, पण येतील.” आणि तो चढ चढू लागला.

अर्ध्या तासाने बार झाला. कुट्टियाली सवयीने दुसऱ्याची वाट बघत उभा राहिला. दुसरा झाला नाही. पलीकडच्या डोंगरावरून कुणीतरी आनंदाने हाळी दिली.

थोड्या वेळाने वळणावरून चोंदम्मा म्हातारी आली. ठेवणीतलं लुगडं, हातात नारळ, काखेत कोंबडी.

“ऐकलंस का रे कुट्टियाली? बिद्दप्पा आजोबा झाला! परवाच म्हणत होता, नातवाचं तोंड बघितल्याशिवाय डोळे मिटायचा नाही म्हणून.”

मरण वाटेत तोंडाने सांगायचं नसतं, बाहेरच्याने तर नाहीच. कुट्टियालीने मान खाली घातली आणि तराजू पुसत राहिला. त्याला स्वतःची लाज वाटली. म्हातारी हसत पुढे गेली.

“काय म्हणाली ती?” फौजदारांनी विचारलं. पूवय्या त्यांच्याशी कन्नडात बोलला होता; कोडवांची भाषा त्यांना येत नव्हती.

कुट्टियालीने सांगितलं. फौजदार उठले. केप द्यायला कायदा आडवा येत होता. त्यांच्या कमरेच्या सरकारी पिस्तुलाला येत नव्हता. ते दुकानामागे ओढ्याकाठी गेले, हात वर केला आणि एक गोळी झाडली. आवाज डोंगरांत घुमला. कुठून आला हे कुणाला सांगता आलं नसतं.

परत आले तेव्हा त्यांचा चेहरा निवळला होता. “झाले दोन,” ते म्हणाले.

कुट्टियाली धावत दुकानापुढे आला. वर चढावर चोंदम्मा थांबली होती. ती वळली. तिने नारळ कोंबडी धरलेल्या हातात सरकवला आणि मोकळ्या हाताची दोन बोटं उंच धरली.

“जुळे रे, जुळे!” ती वरून ओरडली. “धाकट्याचा आवाज तेवढा बारीक आहे.”

आणि ती भराभर चढू लागली.