दसऱ्याची धुलाई

"घाटात गचके खाते आणि मधेच बंद पडते, आप्पा. उद्या गिऱ्हाईक येतंय, विकूनच टाकते," सिंधू म्हणाली. इतकी वर्षं याच पिकअपनं तिचे पेरू बाजारात नेले होते. बोलताना तिचा हात बॉनेटवरून निघत नव्हता.

गॅरेजवाल्या दगडूआप्पांनी फिल्टर बदलला होता, पंपही तपासला होता. आता ते स्टुलावर बसले. "पोरी, सावकाश सांग. चांगली कधी चालते?"

"डिझेल भरल्यावर. मग थोड्या वेळानं पुन्हा रडगाणं."

"हे कधीपासून?"

"दसऱ्यापासून. पूजेआधी धुतली ना, तेव्हा टाकीत पाणी जाऊ नये म्हणून झाकणावर प्लास्टिक बांधलं. धुळीसाठी अजून बांधतेच, घट्ट..." सिंधू थबकली.

आप्पा हसले. "डिझेल जातं तेवढी हवा टाकीत यायला नको? तू तर तिचं नाकच दाबून धरलंस!"

सिंधूनं प्लास्टिक सोडून झाकण फिरवलं. फस्सकन हवा आत शिरली.

ती घाट चढून आली ती हॉर्न वाजवतच. उतरण्याआधीच तिनं गिऱ्हाइकाला फोन लावला.

"भाऊ, गाडी द्यायची नाही. पोर माहेरीच बरी आहे."