शिडाचा दोर

"अहो, दोर हाताला गुंडाळू नका," बायको दुसऱ्यांदा म्हणाली.

नवऱ्यानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. शिडाचा दोर त्यानं उजव्या पंजाला आणखी एक वेढा देऊन आवळला आणि डाव्या हातानं सुकाणू धरलं. बोट त्याची, हौस त्याची. बोट चालवायच्या वर्गाला मात्र त्यानं तिला धाडलं होतं. आपल्याला कुणी शिकवलेलं त्याला सोसत नसे.

"खुंटीला अडकवा ना, म्हणजे पटकन सोडता येतो. वाऱ्याचा काही भरवसा नाही."

"आता तू मला शिकवणार?"

तेवढ्यात समोरचं पाणी काळं पडत धावत आलं आणि वारा धाडकन शिडावर आदळला. बोट एका अंगावर आडवी झाली. काठावरून पाणी आत घुसलं. सुकाणू पाण्याबाहेर येऊन नुसतंच हवेत हलू लागलं. दोर सैल सोडला असता तर शिडातला वारा निघून गेला असता आणि बोट सावरली असती. पण दोर सुटेना. शिडाच्या ओढीनं वेढे मांसात रुतले, पंजा फरफटत कप्पीपर्यंत गेला आणि तिथं अडकला. काहीतरी कडकन मोडलं. तो गुरासारखा ओरडला.

बाकाखालची सुरी काढून ती सरपटत त्याच्याजवळ पोचली.

"कापू नकोस! नवा दोर आहे!"

"बोट बुडतेय!"

"हात लावून तर बघ!"

तिनं पातं दोराला लावलं. त्यानं सुकाणू सोडलं आणि मोकळ्या हाताची मूठ तिच्या तोंडावर हाणली. तिचं डोकं मागं आपटलं, तोंड रक्तानं भरलं. पाणी मांड्यांपर्यंत चढलं होतं. ती पुन्हा पुढं सरकली. या वेळी त्यानं तिचे केस धरले. धरू दे. केस त्याच्या मुठीत तसेच ठेवून तिनं दोर कापला.

शीड फडफडत वाऱ्याबरोबर बाजूला झुकलं. बोट हिसका देऊन सरळ झाली आणि दोघं तळातल्या पाण्यात एकमेकांवर कोसळली.

सुरी तिच्या हातातच होती. टोक त्याच्या गळ्याजवळ. त्यानं ते पाहिलं आणि तिचे केस सोडले. त्यानं पाहिलंय हे तिनंही पाहिलं.

मग तिनं सुरी जागच्या जागी ठेवली. शीड उतरवलं, त्याच्या पंजाला टॉवेल करकचून बांधला आणि इंजिन चालू करून बोट किनाऱ्याकडे वळवली. वाटेत तो एवढंच म्हणाला, "नीट चालव."

दवाखान्यात नर्सनं त्याचा पंजा धुतला. दोन बोटं भलत्याच दिशेला वळली होती.

"वेळेवर दोर कापलात म्हणून," नर्स बायकोला म्हणाली, "नाहीतर अख्खा पंजा गेला असता." मग तिची नजर बायकोच्या फाटलेल्या ओठावर गेली. "आणि हे?"

"शिडाचा दांडा लागला तिला," नवरा घाईनं म्हणाला. "बोटीवर चालायचंच. ही नेहमी मध्येमध्ये येते."

नर्स त्याच्याकडे बघतसुद्धा नव्हती. "ताई, मी तुम्हाला विचारलं."

बायको उठली. पलंगावर पडलेला त्याचा धड हात तिनं मनगटाशी धरून उचलला. तो ओढून घ्यायला लागला, तिनं सोडला नाही. दिव्याखाली धरून तिनं तो उलटा केला. बोटांच्या पेरांवर तिच्या दातांची ताजी खूण होती.

"हा लागला," ती म्हणाली.