एका सीटची गाडी

"तीनशे हॉर्सपॉवर," मास्तर म्हणाले.

मिस्त्रीने हातातला पाना खाली ठेवला. "मास्तर, ही जुन्या रेसच्या गाडीची नक्कल आहे. फायबरचं अंग, वजन जेमतेम साडेपाचशे किलो. हिला नव्वद पुष्कळ झाले. तीनशे घातले तर पहिल्याच वळणावर गाडी हातची जाईल."

"हिशेब मला येतो रे. चाळीस वर्षं गणितच शिकवलं."

ते खरंच होतं. नापासांच्या रांगेतल्या मिस्त्रीला शाळा सुटल्यावर बसवून घेणारे हेच मास्तर. जन्मभर सायकलवर फिरले, गेल्या वर्षी बायको गेली, आणि आता हे खूळ.

"शेजारची सीट काढून टाक," मास्तर म्हणाले. "दुसरं कुणी बसता कामा नये."

"तुमची मुलगी हौसेनं बसेल की."

"तिला तर मुळीच बसवायचं नाही."

मिस्त्रीने मनात हिशेब जुळवला. एकटा माणूस, एकच सीट, असलं इंजिन. नाही म्हणावं, तर मास्तर दुसरं गॅरेज गाठणार. तो हो म्हणाला.

मास्तरांनी मापांची चिठ्ठी दिली. त्या मापाने पेडलपर्यंत त्यांचे पाय पोचलेच नसते. म्हातारपणी माणूस स्वतःला उंच समजतो, असं म्हणून मिस्त्रीने चिठ्ठी खिशात घातली; सीट मात्र त्याच मापाने बसवली, पाय न पोचलेलेच बरे.

त्याने नव्वदचंच इंजिन बसवलं. वर मोठं झाकण, मागे कान किटवणारा सायलेन्सर. इतक्या हलक्या गाडीत नव्वदचाही धक्का पाठीला बसतो. कुणाला काय कळणार? ब्रेक मात्र त्याने दुप्पट ताकदीचे घातले. त्या रात्री त्याला दोन महिन्यांनी शांत झोप लागली.

सकाळी मास्तर आले. इंजिनाची डरकाळी ऐकत बराच वेळ उभे राहिले.

"तीनशे ना?"

"तीनशे." मास्तरांशी तो पहिल्यांदाच खोटं बोलला.

मास्तरांचे डोळे भरून आले. "फार उपकार झाले बाबा."

मग त्यांनी फाटकाकडे वळून हाक मारली. एक उंचापुरा तरुण आत आला. मागोमाग मास्तरांची मुलगी, मान खाली घालून. तिचा हात प्लास्टरमध्ये होता, ओठ सुजलेला.

"घ्या जावईबापू," मास्तरांनी किल्ली पुढे केली. "तुम्हाला वेगाची हौस. डोंगरातल्या रस्त्यावर मनसोक्त पळवा."

जावई आत बसला. पाय पेडलवर नेमके पोचले. "तू बसने ये," तो बायकोला म्हणाला.

गाडी रोज त्याला सुखरूप घरी आणणार होती. एवढी काळजी मिस्त्रीने घेतली होती.