रिकाम्या हातांचा सराव

"आज पुन्हा सराव? अहो बाई, परवाच तर झाला!" टेलरमास्तरांनी मशिनवरचा पाय काढला नाही.

"परवा तुम्ही सगळ्यांत शेवटी आलात, म्हणूनच. उठा."

बाई शाळेतून निवृत्त झाल्या होत्या, पण गाव अजून त्यांच्याच वर्गात बसलेलं होतं. त्यांनी शाळेची घंटा वाजवली की जसे असाल तसे निघून पुलापलीकडच्या मैदानावर जायचं. वाटेत जो मागे वळून पाहील, त्याला मैदानाला पाच फेऱ्या.

गेल्या वणव्यात घंटा खरी म्हटल्यावर जो तो आधी घरात पळाला होता. कुणी ट्रंक उचलली, कुणी कपाट. अरुंद पुलावर अशी कोंडी झाली की मागचे मागेच राहिले. त्यांत बाईंचा नवरा होता.

पुढे गावाने भिंती उभ्या केल्या, छपरं घातली. सरावाला लोक कुरकुरत यायचे, पण रिकाम्या हाताने यायचे. तासाभरात परतायचं असल्यावर ओझं कोण वाहणार?

"मशिन तेवढं झाकतो," मास्तर म्हणाले.

"सरावाला मशिन झाकतं का कुणी? आजोबांनाही घ्या."

"बाबांना? अंथरुणावरच्यांना सूट आहे ना?"

"आज नाही. हातगाडी आणलीये मी."

आजोबा गाडीत बसून जाम खूश झाले. "बाई, वरात काढताय की काय माझी!"

"जळकट वास येतोय," मास्तरांची बायको म्हणाली.

"तो तर रोजचाच, वहिनी. चला, पाय उचला."

ते खरंच होतं. वणवा अडावा म्हणून गावाभोवतीचं गवत जाळून पट्टा मोकळा करायचं काम महिनाभर चालू होतं. धुराचं आता कुणाला काही वाटत नव्हतं.

थट्टामस्करी करत सगळ्यांनी पूल ओलांडला. कुणाच्या हातात पिशवीसुद्धा नव्हती. शेवटी बाई आल्या, हातगाडी ढकलत, घामाघूम. एरवी त्या आधी घड्याळ बघायच्या. आज त्यांनी थेट हजेरी घेतली. एकूण एक माणूस हजर होता.

"पास का आम्ही?" मास्तरांनी विचारलं. "मग जाऊ घरी? बाही अर्धी राहिलीये."

बाईंचे डोळे भरून आले. सगळ्यांचा त्यांना फार अभिमान वाटला.

"पहिल्या नंबरानं पास," त्या म्हणाल्या. "आता बघा मागे."

वणवा पट्टा ओलांडून पहिल्या आळीत शिरला होता, आणि बाईंच्या घराचं छप्पर केव्हाच कोसळलं होतं.